टाच टेकते का?

माझ्या टाचेला आजवर दोनच परक्या माणसांनी हात लावलाय. एक हाडांचा डॉक्टर आणि दुसरी चांगुणामावशी. त्यातल्या डॉक्टरनं आधी विचारलं होतं.

मी बेलवलीत राहतो आणि अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये नोकरी करतो. जाणं-येणं मोटारसायकलनं. उंचीच्या बाबतीत देवानं माझ्याशी काटकसर केली आहे, आणि गाडी मात्र मी हौसेनं उंच घेतली. चालताना ती काही त्रास द्यायची नाही. थांबली की माझे हाल सुरू. एका पायाचा अंगठा कसाबसा जमिनीला लावायचा, बूड सीटच्या कडेला सरकवायचं आणि आपण मजेत उभे आहोत असा चेहरा करायचा. बायको मागे बसली असेल तर ती आधीच उतरून घ्यायची.

खरवईच्या वळणावर एक दांडगा गतिरोधक आहे. सकाळी तिथं गाड्या हमखास तुंबतात. एकदा मी तिथं असाच अंगठ्यावर तोल सांभाळून उभा होतो, आणि माझी डावी टाच कुणीतरी गच्च पकडली. मी दचकून खाली बघितलं. रस्त्याच्या कडेला गोणपाटावर काकड्या, शिराळी आणि भेंडीचे वाटे मांडून एक म्हातारी बसली होती. माझी टाच तिच्या मुठीत होती.

"ही टाच लटकते रं," ती म्हणाली.

मी ओरडलो, गाडी कलली आणि मी गाडीसकट तिच्या काकड्यांवर आडवा झालो. मागचे लोक हॉर्न वाजवायचे थांबले आणि हसायला लागले. आता ही बाई आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करणार, या तयारीनं मी डोळे मिटून पडून राहिलो. तिनं काकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. माझा पाय गाडीखालून सोडवला, गुडघा दाबून बघितला आणि शांतपणे म्हणाली, "आज माज्या काकऱ्यांवर परलास. उद्या टायराखाली परशील. जा, उल्हासनगरला जा. किशनभाई सीटवाल्याला सांग, चांगुणानं पाठवलाय."

बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं माझं त्या क्षणी ठाम मत झालं. पोलिसात सांगावं की काय, असाही विचार येऊन गेला. पण रविवारी मी उल्हासनगरला गेलो. का गेलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. टाचेला तिची पकड अजून जाणवत होती, एवढं खरं.

किशनभाईचं दुकान फर्निचरच्या बाजारामागच्या एका गल्लीत. बाहेर रेक्झिनचे रंगीत तुकडे लोंबत होते आणि आत मशीन खडखडत होतं. मी चांगुणाबाईंचं नाव घेताच ते हातातली शिलाई ठेवून उठले.

"अम्माने भेजा? चप्पल उतारो."

"चप्पल कशाला?"

"चप्पल झूट बोलता है साईं. अम्मा का रूल है. नंगे पाव का नाप."

मी भर गल्लीत अनवाणी गाडीवर बसलो. किशनभाईंनी वाकून टाचेखालची पोकळी बघितली आणि 'बापरे' अशा अर्थाचा एक सिंधी उद्गार काढला. मग मला समजावलं, की नुसतं वरून कापलं तर दगडावर बसल्यासारखं होईल आणि पंधरवड्यात कंबर बोलायला लागेल. म्हणून फोम वरून थोडा आणि दोन्ही बाजूंनी जास्त कापायचा. सीट पुढं निमुळती झाली की पाय फाकत नाहीत, सरळ खाली जातात. "और ये अम्मा," ते कातर चालवता चालवता म्हणाले, "मेरेको इतना गिऱ्हाईक देती है, चाय भी नहीं पीती. उलटा गाली देके जाती है, फोम ज्यादा काटा बोलके."

सोमवारी गतिरोधकापाशी थांबलो आणि दोन्ही टाचा जमिनीवर सपाट टेकल्या. हसू नका, पण मला भरून आलं. इतकी वर्षं आपण थांबायला घाबरत होतो, हे मला त्या दिवशी कळलं. चांगुणामावशीनं गोणपाटावरून मान तिरकी करून बघितलं, "हां" म्हणाली आणि माझ्या डब्याच्या पिशवीत एक काकडी कोंबली.

तेव्हापासून आमची ओळख झाली. ओळख म्हणजे तिच्या बाजूनं माझ्या टाचांशी. रस्त्याच्या कडेला जमिनीवर बसलेल्या माणसाला लोकांचे चेहरे कुठून दिसणार? तिला दिसायचे ते पाय. माझ्या टाचांना बारमाही भेगा असतात, म्हणून ती मला शेवटपर्यंत 'भेगावाला' म्हणत राहिली. नाव कधी विचारलं नाही. एकदा मी नवे बंद बूट घालून गेलो, तर तिनं मला ओळखलंच नाही आणि परत टाचेला हात घातला.

जातीची आगरी, अंगानं सुपारीएवढी, कासोटा घातलेलं लुगडं, केसात एखादं अबोलीचं फूल आणि आवाज मात्र थेट पलीकडच्या कात्रप गावापर्यंत जाईल असा. बोलायची कमी, बजावायची जास्त. "धावत्या गारीला देव सांभालतो, उभ्या गारीला टाच," हे तिचं ठरलेलं वाक्य. कुणी पोरगा "मावशी, सवय आहे मला" म्हणाला, की ती म्हणायची, "तुला सवय हाय. रस्त्याला हाय का?"

तिचं धाडस तर विचारू नका. एकदा तिनं चक्क एका हवालदाराची टाच धरली. युनिफॉर्ममधल्या माणसाची! मी चार गाड्या मागे होतो. आता हिला आत टाकणार, असं समजून मी मनातल्या मनात जामिनाची तयारी सुरू केली. हवालदार लालबुंद होऊन म्हणाला, "सरकारी गाडी आहे बाई, कापता येत नाही." मावशीनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मंग बूट जारा घाल." पुढच्या आठवड्यात त्याचे बूट खरोखर जाड तळव्याचे होते. एरवी कुणाच्या बापाला न घाबरणारा तो माणूस खरवईचं वळण आलं, की पाय नीट जमिनीला लावून ताठ बसायचा.

दुसऱ्या एका पोरानं सीट कापायच्या ऐवजी रस्त्यावरच्या मेकॅनिककडून मागचे शॉकअपच बदलून गाडी खाली करून घेतली. ऐटीत मावशीला दाखवायला आला, साइड स्टँडवर गाडी लावली आणि भाजी निवडायला वाकला. गाडी सरळ पलीकडे कोसळली. गाडी खाली आली होती, पण स्टँड तेवढाच लांब राहिला होता. त्यामुळे ती कलती उभी न राहता ताठ उभी राहायची, आणि वाऱ्यानंही पडायची. मावशी त्या पोराला घेऊन पायी मेकॅनिककडे गेली. "माणूस बुटका केलास न काठी तेवरीच ठेवलीस?" असं तिनं त्याला जे सुनावलं, ते तिथले लोक अजून सांगतात.

पायी गेली, हे मुद्दाम सांगतो. मावशी कधीही कुणाच्या गाडीवर बसायची नाही. मी कितीदा म्हटलं, घरी सोडतो, टोपली जड आहे. ती म्हणायची, "तू चल. मी येते." मला वाटायचं, म्हाताऱ्या बायका घाबरतात, तशीच ही घाबरत असेल. टाच टाच करणाऱ्या बाईला मोटारसायकलची एवढी भीती असावी, याची मी घरी गंमत करून सांगायचो.

मग तिच्या पुतण्याचं, रोशनचं लग्न निघालं. "हलदीला ये रं भेगावाल्या," असं तिनं रस्त्यातच आमंत्रण दिलं. आगरी हळदीचं आमंत्रण कोण सोडतो? मी गेलो. मंडप रस्त्यापर्यंत आला होता, बँजो वाजत होता, आणि मंडपाच्या मधोमध रोशनच्या मामानं दिलेली नवी मोटारसायकल झेंडूचे हार घालून उभी होती. उंच, काळी, सीटवर कंपनीचं प्लास्टिक तसंच. आमच्याकडे ते प्लास्टिक काढायची पद्धत नाही. नवेपणा टिकतो म्हणतात.

रोशन हळदीनं पिवळाधम्मक होऊन पाटावर बसला होता. मावशी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ऊठ. गारीवर बस."

लोकांना वाटलं फोटो काढायचाय. रोशन हसत हसत बसला. मावशी खाली वाकली. तो मामांवर गेलेला, बेताच्या उंचीचा. दोन्ही टाचा हवेत. मावशीनं सीटच्या प्लास्टिकला नख लावलं आणि टर्रकन ओढलं. "कातर आना," ती म्हणाली. "उद्या ही गारी उल्हासनगरला जाईल. कापल्याबिगर हा पोरगा हिच्यावर बसनार नाय."

बँजो थांबला. माझ्या हातातली प्लेट हातातच राहिली. रोशनची आई, म्हणजे मावशीची धाकटी जाऊ, गर्दीतून धावत आली. खरवईत एक रीत आहे, ती मला त्या दिवशी कळली. नव्या गाडीला पहिला दसरा लागेपर्यंत कातर, हातोडा, पाना काही लावायचं नाही. दसऱ्याला पूजा झाली, हार पडला, की मग हवं ते करा. त्याआधी कापाकापी म्हणजे अपशकुन.

"दसऱ्याआधी कातर?" जाऊ म्हणाली. "आन ती पन हलदीच्या मांडवात? वहिनी, तुमच्या घरात झाला तो झाला. आमच्या दारात नका आनू."

हवालदाराला न घाबरणारी ही बाई आता जावेला फाडून खाणार, म्हणून मी बघत राहिलो. मावशीनं हातातलं प्लास्टिक जमिनीवर ठेवलं, पदर सारखा केला आणि मंडपाबाहेर चालायला लागली.

मी मागोमाग गेलो. तिचं घर चार घरं सोडून. पुढं ओटा, बाजूला पत्र्याची पडवी. मावशी पडवीत शिरली तसा मीही शिरलो आणि जागच्या जागी थिजलो.

तिथं एक मोटारसायकल उभी होती. धूळ पुसलेली, टायरात हवा असलेली. एका बाजूचा आरसा नव्हता आणि त्याच बाजूला टाकी आत चेपली होती. सीट उंच होती, न कापलेली, आणि तिच्यावर कंपनीचं प्लास्टिक जसंच्या तसं होतं. पिवळं पडून कडांना कडक झालेलं.

"माज्या निलेशची," ती म्हणाली.

एकुलता एक मुलगा. बापामागं तिनं भाजी विकून वाढवलेला. जमिनीचा तुकडा बिल्डरला गेला तेव्हा तिनं गुढीपाडव्याला त्याला ही गाडी घेऊन दिली. त्याला साधी, बसकी गाडी हवी होती. हिनंच हट्ट धरला. घोडा उंच असला म्हणजे आळीत मान उंच राहते, असं तेव्हा ती म्हणाली होती. तो बिचारा अंगठ्यावर उभा राहायचा. महिन्याभरात तिला म्हणाला, आई, सीट थोडी कापून आणतो, पाय पुरत नाहीत.

"मी बोलली, दसऱ्याआधी कातर लावायची नाय." मावशी प्लास्टिकवरून हात फिरवत होती. "बोलली, पाच महिने कार. आपटा लागला का मंग काप. प्लास्टिक पन मीच कारू दिला नाय. घसरतो बोलायचा."

"कसं झालं, मावशी?" मी विचारलं.

"वेगात नव्हता रं." तिनं माझ्याकडे वळून बघितलं. "सगले इचारतात, किती वेगात होता? गारी उभी होती. त्याच गतिरोधकापाशी. बाजूला ट्रेलर उभा. याच्या पायाखाली बारीक खरी आली न अंगठा सरकला. परला बी नाय. नुसता कलला. न ट्रेलर निगाला."

त्याच गतिरोधकापाशी. मी रोज जिथं थांबत होतो, जिथं तिनं माझी टाच धरली होती, तिथं. आणि ती बाई वर्षानुवर्षं रोज सकाळी त्याच जागेवर गोणपाट टाकून बसत होती, आणि मी घरी जाऊन तिच्या भीतीची गंमत सांगत होतो. पलीकडे मंडपात बँजो परत सुरू झाला होता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलून गेलो, "सगळ्यांच्या कापायला लावता. मग ही का नाही कापली?"

"कोनाच्या टाचेसाठी कापू?"

मग ती स्वतःशीच हसली. "माज्यापरास दोन बोटं उंच होता. पाठीला पाठ लावून उभा ऱ्हायचा न माज्या डोक्यावर बोटं ठेवून दाखवायचा. आई, दोन बोटं. बस, दोनच. त्याचा त्याला काय अभिमान!"

त्या दिवसानंतर मी खरवईच्या वळणावर मावशीकडे सरळ बघू शकलो नाही. ती मात्र बदलली नाही. टाचा धरत राहिली, शिव्या देत राहिली. लग्नानंतर आठवड्याभरात रोशन कुणाला न सांगता किशनभाईकडे जाऊन सीट कापून आला आणि आईला म्हणाला, उंदरानं कुरतडली होती म्हणून बदलली. मग एक दिवस त्यानं ती गाडी मावशीच्या पडवीत निलेशच्या गाडीशेजारी आणून लावली, तिच्यावर बसला आणि दोन्ही टाचा टेकवून दाखवल्या. हे मला त्यानंच सांगितलं. मावशी नुसती दोन्ही गाड्यांकडे आळीपाळीनं बघत बसली, म्हणाला.

मी मावशीला शेवटचं बघितलं ते किशनभाईच्या गल्लीत. खंडेनवमी दुसऱ्या दिवसावर आली होती. माझ्या सीटची शिवण उसवली होती, ती घालून घ्यायला गेलो होतो. दुकानादुकानांत हत्यारं घासूनपुसून ठेवणं चाललं होतं. तेवढ्यात एक छोटा टेम्पो येऊन उभा राहिला. पुढून मावशी उतरली आणि मागून दोघांनी निलेशची गाडी उतरवली.

"अम्मा, दसरे के बाद लाओ ना," किशनभाई म्हणाले. "कल तो कैंची पूजा में बैठेगी."

"दसऱ्याआधीच पायजे," मावशी म्हणाली. "आजच."

तिनं स्वतः प्लास्टिक काढलं. ते एकसंध निघेना, पट्ट्या पट्ट्या होऊन निघत होतं. सगळं निघेपर्यंत तिनं कुणाला हात लावू दिला नाही. खालचं रेक्झिन काळंकुळकुळीत, अगदी नवं होतं.

"किसका नाप लूँ?"

"माजा घे."

मावशीनं चपला काढल्या, माझ्या खांद्याला धरलं आणि कासोटा सावरत गाडीवर चढली. आयुष्यात पहिल्यांदा. हातांनी हँडल घट्ट धरलं होतं आणि पाय हवेत लोंबत होते. गल्लीतले लोक कामं सोडून बघायला लागले. किशनभाईंनी खडूनं खुणा केल्या, तिला उतरवलं, फोम कापला, परत बसवलं. परत कापला. तिसऱ्यांदा बसली तेव्हा पायाची पुढची बोटं जमिनीला लागली आणि टाचा जराशा वर राहिल्या.

"अब थोडा और," किशनभाई कातर उचलत म्हणाले. "टेक जाएगा."

"नको," मावशी म्हणाली. "एवरीच ऱ्हाऊ दे."

किशनभाई बघतच राहिले. "अम्मा, सारी दुनिया का टेकाती है. खुद का लटका के रखेगी?"

मला कळलं. मी खाली बसलो आणि मावशीच्या उघड्या टाचेखाली माझी दोन बोटं सरकवली. वर टाच, खाली जमीन. बोटं बरोबर बसली.

मावशीनं मान वाकवून खाली बघितलं नाही. समोर गल्लीच्या तोंडाकडे बघत तिनं विचारलं, "त्याची टेकली का रं?"

"टेकली मावशी," मी म्हणालो. "दोन्ही टेकल्या."